बाद केलेला खोकला

२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ईमेलने पाठवते आहे म्हणून उभ्या उभ्या वाचू नकोस. बसून वाच.

तुझ्या आईच्या ऑपरेशनची तारीख ठरली, अठ्ठावीस मार्च. स्वरयंत्र पूर्ण काढणार. हे सांगताना सर्जनने पेनाचं टोपण सात वेळा काढलं आणि लावलं, मी मोजलं. आणि तुझी आई त्याला काय म्हणाली? "डॉक्टर, खिशाला शाई लागली आहे. गरम पाणी लावू नका, डाग बसेल." सव्वीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर काढल्यावर माणसाला दुसरं काही दिसतच नसावं. विषय गळ्याचा आणि हिची नजर खिशावर.

मग आम्हाला स्पीच थेरपिस्टकडे धाडलं. तिने एक टॅबलेट दाखवला. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो. पेल्यावर बोट ठेवलं तर आतून कोणी परकी बाई म्हणाली, "मला तहान लागली आहे." सूर असा, की पुढचं स्टेशन जाहीर करते आहे. मी म्हटलं, माझी धाकटी बहीण पासष्ट वर्षांची आहे, तीन वर्षांची नाही. तेव्हा ती पोरगी शहाणपणाचं बोलली: अजून महिनाभर आवाज आहे, जेवढी वाक्यं होतील तेवढी रेकॉर्ड करून ठेवा, पुढे कॉम्प्युटरवर ती त्यांच्याच आवाजात वाजवता येतील.

एवढंच ना! रेडिओ केंद्रावर एकतीस वर्षं मी लोकांच्या बोलण्याच्या फिती कापून जोडल्या. तुझी आई माझ्याकडे राहायला आल्यापासून ते मोठं कपाट तिच्या कोटांनी भरलेलंच आहे. त्यात स्टूल टाकून तिला बसवते, हातात माइक देते आणि दार लावून घेते. आवाज अजिबात घुमत नाही. चार दिवसांत दोनशे चौदा वाक्यं झाली.

घोडं अडलं आहे ते नावांपाशी. यंत्राने त्यांना एक ते दोनशे चौदा असे नुसते आकडे दिले आहेत. "पाठ दुखते" हवं असेल तर तिने काय, एकशे सदतीस लक्षात ठेवायचं? तुझा जुना कॉम्प्युटर तू मला दिलास आणि वर म्हणालीस, "मावशी, ह्याला हवं तसं वळवता येतं." मग वळव.

आणि येतेस कधी? हा प्रश्न शेवटी लिहिला म्हणून शेवटचा समजू नकोस.

तुझी,
मावशी

*

४ मार्च

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

बसून वाचलं.

तू फोल्डर उघडतेस ती खिडकी म्हणजे फाइल मॅनेजर. त्याचं एक खास फोल्डर असतं. त्यात मी लिहिलेली स्क्रिप्ट टाकली, की फाइलवर उजवं क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीत तिचं नाव दिसायला लागतं. स्क्रिप्ट म्हणजे चारसहा ओळींचा हुकूम, बाकी काही नाही. निवडलेल्या फायली तिच्या हातात जातात आणि सांगितलं तेवढं काम ती करते.

दोन पाठवते आहे. "ऐकव" फाइल वाजवेल. "नाव दे" फाइल वाजवेल आणि एक चौकट उघडेल. ऐकलेलं वाक्य त्यात टाइप केलंस की तेच फाइलचं नाव होईल. दोन्ही त्या फोल्डरमध्ये टाक, मग प्रत्येकीचे गुणधर्म उघडून "प्रोग्राम म्हणून चालवू द्या" वर खूण कर. ही खूण विसरलीस तर ती नुसती मजकूर दाखवेल आणि तू मला शिव्या देशील.

येण्याचं अजून नक्की नाही. इथे महिनाअखेरीला मोठं काम संपवायचं आहे. बघते.

आई जेवते का? आणि एक सांगायचं राहिलं. ती रेकॉर्डिंगं मला पाठवू नकोस. आत्ता नको.

तुझी,
भिंगरी

*

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

"बघते" हे उत्तर नव्हे. लाँड्रीत तुझी आई लोकांना "उद्या बघू" म्हणायची, तेव्हा शर्ट हरवलेला असायचा.

खूण मी विसरले नाही. तरी तुझी स्क्रिप्ट भुईसपाट. मी फाइलला नाव दिलं "मला पाणी दे", आणि "ऐकव" म्हटलं. यंत्र म्हणतं, "मला" नावाची फाइल नाही, "पाणी" नावाची फाइल नाही, "दे" नावाची फाइल नाही. अर्धा तास मी त्याच्याशी भांडले. मग तुझा हुकूमनामा उघडून वाचला आणि मला शंका आली. फाइलच्या नावाभोवती अवतरणचिन्हं नकोत का गं? तीन शब्द एकत्र आहेत हे त्याला कळणार कसं? कॉन्व्हेंटमध्ये आमच्या इंग्रजीच्या नन अवतरणचिन्ह राहिलं की वही खिडकीबाहेर टाकत. खाली गुलाबाचे काटे होते. तुला शिकवणाऱ्यांनी बाग लावली नव्हती, असं दिसतं.

आता तिसरी स्क्रिप्ट हवी. नाव "बाद". तुझी आई रेकॉर्डिंगला नीट बसत नाही. मी वाक्य कागदावर देते: "खिडकी उघडाल का?" ती म्हणते, "खिडकी उघडा, जीव गुदमरला ह्या कोटांत, अगं बाई, हा निळा माझाच का?" आणि खिदळते. खिदळली की खोकते. मध्येच दार ढकलून खालून जाणाऱ्या पेपरवाल्याला हाक मारते. "हट्" म्हणते. मलाच म्हणते! हा सगळा कचरा मला काढायचा आहे. आणि तो टोपलीत साठवून ठेवायचं नाटक नको. केंद्रावर कापलेली फीत आम्ही जमिनीवर टाकायचो आणि संध्याकाळी झाडू फिरायचा. तसं हवं. बाद म्हणजे बाद.

जेवते. मऊ करून द्यावं लागतं.

तुझी,
मावशी

*

८ मार्च

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

अवतरणचिन्हं राहिली होती, हे खरं आहे. बारा वर्षं हे काम करते आहे आणि तू तीन दिवसांत पकडलंस. दोन्ही स्क्रिप्ट दुरुस्त करून पाठवते आहे.

"बाद" पण पाठवते. मी ती आधी टोपलीत टाकणारी लिहिली होती. तू म्हणतेस म्हणून बदलली. आता ती फाइल सरळ पुसून टाकेल, विचारणारसुद्धा नाही. सांभाळून.

आई माझ्याबद्दल काही बोलते का?

तुझी,
भिंगरी

*

२६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काम संपलं. सहाशे चाळीस वाक्यं, एकजात स्वच्छ. चारशे दोन बाद. जेवण, दुखणं, घर, बाहेर, माणसं, अशी फोल्डरं लावली आहेत. "माणसं"मध्ये प्रत्येकाला मारायची हाक तीन तीन वेळा घेतली आणि उत्तम ती ठेवली. तुझीही आहे. एकाही फायलीत खोकला नाही, अडखळणं नाही, "अं" नाही. मी एवढी सुबक फीत केंद्रावरही कधी बांधली नव्हती, आणि तिथे माझ्या हाताखाली दोन माणसं होती. थेरपिस्ट पोरगीला दहा वाक्यं ऐकवली, तर म्हणते, "ह्या बातम्या द्यायच्या का?" मी म्हटलं, माझ्या बहिणीने मनात आणलं असतं तर दिल्या असत्या.

गेल्या आठवड्यात तिचा आवाज फार उतरला. कालपासून नुसती हवा येते. म्हणून थांबलो.

तुझ्याबद्दल बोलते का, असं तू विचारलं होतंस. बोलते. जिन्यात पाऊल वाजलं की बोलता बोलता थांबते आणि दाराकडे बघते. त्याला बोलणं म्हणायचं की नाही, ते तू ठरव. परवा सकाळी सात वाजता तिला आत नेणार आहेत. तुझं महिनाअखेरीचं काम जगाला तारणार असेल, तर तारून घे.

तुझी,
मावशी

*

२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

"झालं. ठीक आहे. नळीतून दूध घेते." एवढ्या सहा शब्दांवर मी पाच दिवस काढले. तू कधी एवढं कमी लिहीत नाहीस. त्यातून मला जे समजायचं ते समजलं आहे.

महिनाअखेरीचं काम नव्हतं. म्हणजे होतं, पण त्यासाठी कोणी मला अडवलं नव्हतं. सत्तावीसला मी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. बॅग घेऊन बाकावर बसले. गाडी लागली, लोक चढले. मला सारखं वाटत होतं, मी पोचले की ती जे बोलेल ते शेवटचं बोलणं असेल, आणि ते मला ऐकावं लागेल. नाही गेले तर ते ऐकायचं बाकी राहील. तेवढ्यात गाडी सुटली. बसून राहणारी मीच होते.

तू रागाव. माझी तक्रार नाही. फक्त लिही.

तुझी,
भिंगरी

*

१२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावायला मला तोंड राहिलेलं नाही. का, ते सांगते.

काल तिला घरी आणलं. गळ्याला पट्टी आणि मध्ये श्वासाचं भोक. हसते तेव्हा खांदे हलतात, बाकी काही नाही. सर्जन म्हणतो पुढे झडप बसवली तर काही बोलता येईल, पण ते सहा महिन्यांनी आणि तो आवाज घोगरा, निराळा. म्हणून मी ऐटीत कॉम्प्युटर तिच्या मांडीवर ठेवला. उजवं क्लिक, "ऐकव", सगळं शिकवलं. तिने "घर" उघडलं आणि पहिली फाइल वाजवली. "कृपया दार लावून घ्याल का?" दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. मग झाकण बंद केलं आणि पाटी मागितली. पाटीवर लिहिलं, "ही कोण बाई?"

मी म्हटलं, अगं तूच. तिने पुसलं आणि लिहिलं, "आवाज माझा. बोलतेस तू."

मग उघडून ती शोधत बसली. काय शोधत होती माहीत आहे? "अगं बाई" शोधत होती. "हट्" शोधत होती. लाँड्रीत उशिरा येणाऱ्यांना म्हणायची ते "आलात? लग्न उरकून आलात का?" शोधत होती. शेवटी पाटीवर लिहिलं, "माझं हसू कुठे ठेवलंस?"

भिंगरी, मी ते बाद केलं. एकतीस वर्षं माझा हात खोकल्यावर आणि हसण्यावर जात होता. तो तसाच गेला. समोर बहीण बसली आहे हे माझ्या कानांना कळलंच नाही.

ह्याहून वाईट पुढे आहे. अठरा तारखेला मी दुकानात गेले होते, तेव्हा तिने आपणच कपाटात बसून तुझ्यासाठी एक निरोप रेकॉर्ड केला. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी ऐकला. अकरा ठिकाणी अडखळली होती, दोनदा खोकली होती, मध्ये बराच वेळ नुसतंच नाक ओढणं. मी तिला म्हटलं, लेकीला असलं पाठवायचं का? उद्या नीट घेऊ. आणि बाद केला. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला, एकेक छोटं वाक्यच जमायचं. मग उद्या, मग परवा. ते नीट घेणं राहिलंच. सव्वीसच्या पत्रात हे तुला लिहायला हवं होतं. मी फोल्डरांची मिरवणूक काढली.

त्यात काय होतं ते मला विचारू नकोस. मी एक शब्दही धडपणे ऐकला नाही. मी अडखळणं मोजत होते.

पुसलेलं परत येतं का? येत नसेल तर तसं स्पष्ट लिही. मला गोड बोलून सांभाळायची गरज नाही.

मावशी

*

१२ एप्रिल, दुपार

मावशी,

हे वाचलंस की कॉम्प्युटर बंद कर. प्लग काढ. उत्तर लिहू नकोस, एकही फाइल उघडू नकोस, आईलाही उघडू देऊ नकोस.

स्पष्ट लिहिते. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा रिकामी आहे असं यंत्र फक्त लिहून ठेवतं, आणि पुढचं काही साठवलं की ते त्या जागेवर बसतं. तू नंतर घेतलेली स्वच्छ वाक्यं बाद केलेल्यांच्या जागेवर बसली असणार. किती, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. डिस्क जुनी, फिरती आहे म्हणून थोडी आशा आहे. फार नाही.

आणि "बाद" मी लिहिली. टोपलीत टाकणारी स्क्रिप्ट माझ्याकडे तयार होती. तुझ्याशी वाद घालायचा कंटाळा केला, कारण वाद घातला असता तर तू पुन्हा विचारलं असतंस की येतेस कधी. तेव्हा सगळं स्वतःकडे घेऊ नकोस. माझा वाटा ठेव.

हे लांबून होणार नाही. आज रात्रीच्या गाडीने निघते आहे. ह्या वेळी चढेन.

भिंगरी

*

३० एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं कळलं. तू गेल्यापासून तुझी आई दिवाणावर तुझ्या जागेवर पाय पसरून बसते आणि मी उठवलं तरी उठत नाही.

तुझ्यासमोर तोंडातून निघालं नाही ते लिहिते. चारशे दोनमधून तू सत्तावन्न परत आणल्यास. दोन आठवडे त्या काळ्या पडद्यासमोर बसून, डोळे लाल करून. बहुतेक अर्ध्या, फाटक्या. पण नऊ सेकंदांचं हसू अख्खं आहे, एक "हट्" आहे, पेपरवाल्याला मारलेली हाक आहे. ते हसू पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि मी तिथूनच ओरडले, "अगं, खोकशील!" मग लक्षात आलं. तू तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस, ह्याबद्दल तुझी आभारी आहे.

तुझा निरोप सापडला नाही. सगळ्या सत्तावन्न मी पुन्हा ऐकल्या, दोनदा. त्याच्या जागेवर काय बसलं ते तू मला सांगितलं नाहीस, पण कागदावर टिपलं होतंस आणि कागद टेबलावर राहिला. "मला आता थोडी विश्रांती घ्यायची आहे." तीन वेळा घेऊन मी उत्तम ते ठेवलेलं वाक्य. ते मी बाद करायला निघाले होते. तुझ्या आईने माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, म्हणजे पाटीवर म्हणाली, "त्यातलं 'थोडी' मला लागतं."

कारण आता कारखाना सुरू झाला आहे. तू दाखवलंस तसं मी वाक्यांतून एकेक शब्द कापून देते. एकतीस वर्षं माणसांच्या बोलण्यातून नको ते काढलं. आता हवं ते काढते आहे. ती ते जोडून बोलते. पण तुझ्या "जोडून बोल" स्क्रिप्टमध्ये खोट आहे. काल तिने "ताई", "माझं", "डोकं", "खाऊ", "नकोस" निवडलं. "खाऊ" "आज काय खाऊ?"मधलं, "डोकं" "डोकं दुखतं आहे"मधलं, "नकोस" "काळजी करू नकोस"मधलं. आणि यंत्र काय म्हणालं? "खाऊ डोकं ताई नकोस माझं." मी हसले तर तिने उशी फेकली. ती ज्या क्रमाने निवडते त्या क्रमाने बोलायला हवं. एवढं कर.

तुझी,
मावशी

*

४ मे

ती. मावशीस,
सा. नमस्कार.

फाइल मॅनेजर स्क्रिप्टच्या हातात निवडलेल्या फायली देतो, पण कोणती आधी निवडली ते सांगत नाही. त्याच्याकडे फक्त खिडकीतला क्रम असतो, आणि तुमच्याकडे तो नावांच्या वर्णक्रमाचा आहे. म्हणून दोन नव्या स्क्रिप्ट लिहिल्या. एका शब्दावर उजवं क्लिक करून "रांगेत" म्हणायचं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. सगळे उभे राहिले की "बोल". यंत्र रांग वाचेल आणि मग रिकामी करेल. चुकलं तर "रांग मोड". एकूण वेळ लागेल. एका वाक्याला मिनिट-दीड मिनिट. ह्याहून जलद करायचा मार्ग मला अजून सुचलेला नाही.

"बाद" आता टोपलीत टाकते. तुला न विचारता बदलली.

ते हसू मी माझ्याकडे घेतलं आहे. इथे आल्यावर अजून वाजवलेलं नाही, पण घेतलं आहे.

तुझी,
भिंगरी

*

११ मे

माझी भिंगरी,

हे मी लिहिते आहे, आई. दोन बोटांनी. ताई मागे उभी राहून चुका शोधत होती, तिला दूध आणायला पाठवलं.

"रांगेत" छान चालतं. काल मी कॉम्प्युटर पिशवीत घालून लाँड्रीत गेले. तिथे आता नवीन मुलगी आहे. माझ्या पुढे एक गृहस्थ कोटासाठी भांडत होता. मी काउंटरवर यंत्र उघडलं. सगळे बघत होते. मी पाच शब्द रांगेत लावले, "बोल" म्हटलं. "हा डाग आधी होता ना?" तो माणूस यंत्राकडे बघतो, माझ्याकडे बघतो. आणि खरंच आधी होता, मला लांबूनच दिसलं होतं. मुलीने मला स्टूल दिलं. म्हणाली, रोज येऊन बसा. ताईला सांगितलं तर म्हणते, "शब्द पुरतील का?" म्हणजे रोज बसायला तिची हरकत नाही. संध्याकाळी न सांगता तिने "कॉलर" आणि "इस्त्री" शोधायला घेतलं. सहाशे चाळीस वाक्यांत "इस्त्री" नाही. "कॉलर"पण नाही. तिला फार वाईट वाटलं. मी तिला सांगितलं, बोट दाखवीन.

ती सारखी तुझ्या निरोपाबद्दल माफी मागते. आधी मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. चार दिवस मी तिच्याकडे बघितलं नाही. पण तिला रात्री कपाटात जाऊन दार लावून बसलेलं बघितलं, तेव्हा मी पण आत गेले आणि बसले. दोघींना जागा कमी पडते. माझा कोट तिच्या डोक्यावर पडला.

निरोपात काय होतं ते मला नीट आठवत नाही. पहिलं मिनिट तुझ्या केसांबद्दल असेल, इतके आखूड का कापतेस. मग तुला सांगायचं होतं की तू आली नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. ते खरं नव्हतं. रागावले होते. दाराकडे बघायचे आणि रागवायचे. आता तू येऊन गेलीस, आता नाही. तेव्हा तो निरोप गेला ते एका परीने बरं, आता मला खरं लिहिता आलं. पण त्यात मी तुला हाक मारली होती, ती मला पुन्हा तशी मारता येणार नाही. "माणसं"मधली ताईने ठेवलेली आहे. तिच्यात मी तुला शाळेत हजेरी घेतल्यासारखी बोलावते. तीच वापरते आहे. सवय होईल.

ताई आली वाटतं, जिना वाजतो आहे. लवकर सांगते.

परत गेल्यापासून तू दर रविवारी ताईला फोन करतेस आणि माझी खबर विचारतेस. माझी खबर मला विचार. तू हॅलो म्हणालीस की मी शब्द शोधायला लागेन. तुला नुसता माझा श्वास ऐकू येईल, आता तो जरा मोठा असतो, घाबरू नकोस. क्लिक ऐकू येतील. ताई मागून काहीतरी सुचवेल, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. मिनिट जाईल, कधी दोन.

तेवढं थांब. फोन ठेवू नकोस.

आई